काळजी घेणं वेगळं, काळजी करणं वेगळं



मृग निघाला. झरी शिवारात वखरणी उरकली, बियाणं घरात येऊन पडलंय. आता पारावर एकच विषय: पाऊस कधी येतो, अन् आला तर वेळेवर थांबतो का. 2024 च्या सप्टेंबरात पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीत जो पाऊस झाला, तो अजून कोणी विसरलेलं नाही. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून काळजीवर लिहितो. हा पण शेतीचाच विषय आहे. रात्रभर डोळा न लागलेला माणूस सकाळी पेरणीचा निर्णय नीट घेऊ शकत नाही.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. "पिकाची काळजी घे" असं म्हणतो आणि "काळजी करू नको" असंही म्हणतो. शब्द एकच, पण कामं दोन. घेतलेल्या काळजीने पीक वाढतं. केलेल्या काळजीने फक्त माणूस झिजतो. आपला गोंधळ असा होतो की जास्त काळजी करणारा तो जबाबदार, असं घरात अन् गावात धरलं जातं.

मी ख्रिस्ती नाही, घर माळकऱ्याचं आहे. पण हा फरक मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 6 व्या अध्यायात. येशू तिथं पाखरांचा अन् रानफुलांचा दाखला देऊन सांगतो की उद्याचं ओझं आजच डोक्यावर घेऊ नका. ऐकणारे कोण होते? गालील प्रांतातले शेतकरी, मच्छीमार, मजूर. शेती पावसाच्या भरवशावर अन् डोक्यावर रोमन सत्तेचा कर. म्हणजे हे पोट भरलेल्या माणसांना दिलेलं भाषण नव्हतं. आणि पाखराचा दाखला नीट बघा. पाखरू घरट्यात बसून राहत नाही, उजाडलं की चारा शोधायला निघतं. येशूने काम सोडायला सांगितलेलं नाही, धास्ती सोडायला सांगितलंय.

आता कोणी म्हणेल, बोलायला सोपं आहे. म्हणून पंडिता रमाबाईंचं उदाहरण घेतो. 1858 चा जन्म. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे 1880 ला भाऊ गेला, 1882 ला नवरा. पदरात लहान लेक. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896-97 ला पुन्हा मोठा दुष्काळ पडला. उपासमार काय असते हे ज्या बाईने स्वतःच्या घरात पाहिलं, तिला घाबरून दार लावून घ्यायला पुरेसं कारण होतं. पण त्या मध्य प्रांतात गेल्या अन् उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, सरकारी निर्बंध. मग त्यांना दौंडजवळ केडगावच्या शेतावर नेलं. तेच आजचं मुक्ती मिशन. 1900 पर्यंत तिथं सुमारे 1,500 माणसं अन् शंभरावर जनावरं होती.

एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचं, अन् भरवसा येईल त्या देणगीवर. बाई प्रार्थना करायच्या, ते त्यांचं बळ होतं. पण केडगावला विहिरी खोदल्या गेल्या, फळबाग लागली, दूधदुभतं, विणकाम, छपाई उभी राहिली. श्रद्धेने त्यांच्या कामाची जागा घेतली नाही. काम करायला जी ताकद लागते, ती धास्तीत वाया जाऊ दिली नाही.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलंच. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघी धर्मगुरू. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत त्यांनी आयुष्य घातलं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि 1993 साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही संस्था काढली. पाऊस पाडणं माणसाच्या हातात नाही. पण पडलेला अडवणं आहे. म्हणून माथा ते पायथा समतल चर, बांधबंदिस्ती, अन् गावाने पाळायची कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. हातातलं काय अन् हाताबाहेरचं काय, याची यापेक्षा चांगली वाटणी मला दिसत नाही.

आता उलट बाजू. श्रद्धा म्हणजे पीकविमा नव्हे. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 साली गेली, अन् पुढच्या एप्रिलमध्ये बाई स्वतः. विश्वास होता म्हणून दुःख टळलं, असं झालं नाही. दुःखातही त्यांचं बायबल भाषांतराचं काम थांबलं नाही, एवढंच झालं. आणि आणखी एक. शेतकऱ्याला "देवावर सोड" म्हणून सांगणाऱ्याने आधी भावाचं बोलावं. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता अन् सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. ही काळजी मनाची नाही, हिशोबाची आहे. तिच्यासाठी प्रार्थनेबरोबर खरेदी केंद्र, पंचनामा अन् भांडणं लागतंच.

म्हणून माझं मत असं. कागद घ्या, दोन रकाने करा. एकात आज होणारी कामं: शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवण तपासणं, 70 च्या खाली आली तर बियाण्याचं प्रमाण वाढवणं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ न धरणं, जमलं तर रुंद सरी वरंबा, वेळेत ई-पीक पाहणी. दुसऱ्यात पाऊस, बाजार, सरकार. पहिला रकाना तुमचा. दुसरा विठ्ठलाला द्या, येशूला द्या, अल्लाला द्या, नाहीतर कोणालाच देऊ नका, पण रात्री उशाला घेऊन झोपू नका. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचा देवसुद्धा जात्यावर दळायला येऊन बसतो. दळण बंद ठेवून देव येईल, असं ती सांगत नाही.

ख्रिस्ती मंडळींकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. ते एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात. म्हणजे कोणाच्या घरात काय अडलंय हे चार जणांना ठाऊक असतं. आपल्याकडे कर्जाचा आकडा बायकोलाही सांगत नाहीत, अन् एकट्याने धरलेली काळजीच माणसाला खाते. कृषी सहायक अन् विद्यापीठाच्या मंडळींना विनंती, बांधावर आलात की पिकाबरोबर माणसाचंही विचारत जा. कोणी गप्प झाला असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आज घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा.