साखरेचे कवच आणि घरचा हात

31 ऑक्टोबर 2025 रोजी युनेस्कोने आपल्या सर्जनशील नगरांच्या यादीत लखनौचा समावेश पाककलेच्या वर्गात केला. 2019 मध्ये हैदराबादला मिळालेल्या या बहुमानाचे लखनौ हे देशातील दुसरे मानकरी ठरले. योगायोग असा, की जगाच्या एका मोठ्या भागात तोच दिवस हॅलोवीनचा. गोमतीनगरसारख्या लखनौच्या नव्या वसाहतींत, काही शाळांत आणि मॉलमध्येही अलीकडे हा दिवस साजरा होऊ लागला आहे. चेटकिणीची टोपी घातलेली मुले दारोदार जाऊन गोड खाऊ मागतात आणि हौशी गृहिणी आठ-दहा सफरचंदांना काड्या टोचून ती साखरेच्या लालभडक पाकात बुडवितात. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या मेळ्यात असतातच.

यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. हे परकीय थेर आपल्याकडे कशाला, असा पहिला सूर. मुलांना आनंद होतो ना, मग वाद कशाला, असा दुसरा. दोन्ही सुरांत मूळ प्रश्न हरवतो. सण कोठून आला यापेक्षा त्या सणाचा खाऊ कोणाच्या हातून आला, हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. साखरेत बुडविलेले फळ घरी होत असेल तर त्याचे स्वागतच करावयास हवे. आणि तेच पुठ्ठ्याच्या खोक्यातून, कोणाच्या हाताचा मागमूस नसलेले येणार असेल, तर दिवाळीच्या नावाने आले तरी त्यात आनंद मानण्याजोगे फारसे काही नाही.

वस्तुतः लखनौला साखरेचे फळ कोणी शिकवावे, ही कल्पनाच थोडी विनोदी आहे. अब्दुल हलीम शरर (1860–1926) यांनी अवधच्या नवाबी संस्कृतीचे जे विस्तृत वर्णन करून ठेवले आहे, त्यात रकाबदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निष्णात पाककर्त्यांचे किस्से आहेत. अशाच एका रकाबदाराने मिठाईचे डाळिंब घडविले होते. त्याची साल आणि आतील पडदे साखरेचे, दाणे नाशपातीच्या रसाचे आणि दाण्यांतील बिया बदामाच्या होत्या. वाजिद अली शाह यांनी दिल्लीच्या एका शहजाद्याला मुरंब्यासारखा दिसणारा कोरमा खाऊ घालून फसविले, तेव्हा त्या शहजाद्याने परतीच्या मेजवानीत पुलावापासून रोटीपर्यंत आणि थेट ताटवाट्यांपर्यंत सारे काही साखरेचे मांडले, असेही शरर सांगतात. यातील अतिशयोक्ती वजा केली, तरी साखर हे शिल्पाचे द्रव्य मानणारे हे शहर होते, एवढे निःसंशय उरते.

नवाबी गेली, पण ती विद्या पूर्णतः गेली नाही. दिवाळीच्या आधी चौक, अमीनाबाद अशा जुन्या बाजारांत आजही साळीच्या लाह्या, बत्तासे आणि साखरेची खेळणी यांचे ढीग लागतात. हत्ती, घोडे, बदके, मंदिरे अशी ही पांढरीशुभ्र खेळणी लक्ष्मी-गणेशाच्या पूजेत ठेवतात आणि नंतर मुलांच्या हाती देतात. लाकडी साच्याची दोन दले पाण्यात भिजवून एकत्र बांधावयाची, त्यात पाक ओतावयाचा आणि तो थिजताच साचा उघडावयाचा, ही त्यांची कृती. गुढीपाडव्याच्या गाठी पाहिलेल्या मराठी माणसाला ती सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की गाठीत दोरा असतो.

येथे पाकशास्त्रातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. खेळणी आणि गाठी यांच्यासाठी पाक घोटून घोटून दुधाळ करावा लागतो. घोटल्याने साखरेचे बारीक कण पुन्हा जमू लागतात आणि पदार्थ अपारदर्शक, ठिसूळ होतो. सफरचंदावरचे कवच मात्र काचेसारखे हवे. त्यासाठी पाक एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा सर्व पायऱ्या ओलांडून सुमारे 150 अंश सेल्सियसपर्यंत न्यावा लागतो. थेंब थंड पाण्यात टाकला असता तो कट् आवाज करून मोडला, म्हणजे पाक झाला. एकदा उकळी आल्यावर त्यात चमचा फिरविणे वर्ज्य; आणि लिंबाचे चार थेंब अवश्य, कारण आम्लामुळे काही साखरेचे विघटन होऊन ती पुन्हा कण धरत नाही. ज्या गृहिणीला पाक साखरू न देण्याची युक्ती ठाऊक आहे, तिला या परदेशी पदार्थात नवे शिकण्यासारखे फार थोडे आहे. बाजारातील सफरचंदावर मेणाचा थर असतो, त्याला पाक चिकटत नाही. म्हणून फळ क्षणभर गरम पाण्यात बुडवून खरखरीत कपड्याने कोरडे पुसावे, एवढीच काय ती जादा सूचना.

याच विद्येचे सर्वांत कष्टसाध्य रूप महाराष्ट्राने संक्रांतीच्या हलव्यात जपले. मंद निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, त्यावर चमच्याने थोडा थोडा पाक आणि बोटांच्या टोकांनी सतत हलविणे, असे कित्येक तास, तेही अनेक दिवस केल्यावर दाण्यावर काटा उभा राहतो. थंडी नसेल तर काटा नीट फुलत नाही. लखनौच्या चौकातील सराफ्यात सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी सांगली-सातारा भागातून गेलेली मराठी कुटुंबे आहेत. पौषातील तेथील थंडी महाराष्ट्रातील थंडीपेक्षा कितीतरी कडक. हलव्याला त्याहून अनुकूल हवा मिळणे कठीण! आज मात्र बहुतेक घरांत हलवा पाकिटातूनच येतो. हॅलोवीनविषयी तक्रार करणाऱ्यांनी आधी या पाकिटाकडे पाहावे.

दारोदार जाऊन खाऊ मागण्याची प्रथाही सर्वस्वी अनोळखी नाही. आग्रा, मथुरा, मैनपुरी, इटावा या भागांत दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत मुले टेसूचा बाहुला आणि मुली झांझी घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरतात आणि धान्य किंवा पैसे गोळा करतात. झांझी म्हणजे भोके पाडलेले मातीचे मडके, आत तेवणारा दिवा. भोपळा कोरून त्यात दिवा ठेवणाऱ्या देशांना हे मडके आपल्या भोपळ्याचे चुलतभावंड वाटावे. मृतांच्या स्मरणाचा धागा पाहावयाचा तर लखनौत शब-ए-बारातला कबरीवर दिवे लागतात आणि घराघरांतून शेजाऱ्यांकडे हलव्याची ताटे जातात. आपल्याकडे भोंडल्याची खिरापत ओळखण्याचा खेळ आहे, बोरन्हाणात मुलांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा यांचा वर्षाव आहे. या सर्वांत एक गोष्ट समान होती: खाऊ देणारी व्यक्ती मुलांना ठाऊक होती आणि तो खाऊ तिच्या स्वयंपाकघरातला होता.

नेमके हेच अमेरिकेने गमावले. साखरेचे लाल सफरचंद तेथे 1908 च्या सुमारास न्यू जर्सीतील एका मिठाईवाल्याने प्रथम केले असे मानतात आणि पुढे कित्येक दशके ते हॅलोवीनचा घरगुती खाऊ म्हणून दिले जाई. मग 1960 च्या आगेमागे सफरचंदात ब्लेड, मिठाईत विष अशा वार्ता पसरू लागल्या. 1974 मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा विषारी गोळीपूडीने मृत्यू झाला, तेव्हा ही भीती शिगेला पोहोचली. ते विष मुलाच्या जन्मदात्यानेच विम्याच्या पैशांसाठी दिले होते, हे न्यायालयात सिद्ध होऊनही भीती ओसरली नाही. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने 1958 पासूनच्या वृत्तांचा मागोवा घेऊन 1985 मध्ये आपले निष्कर्ष मांडले: अनोळखी शेजाऱ्याने दिलेल्या खाऊने मूल दगावल्याचे किंवा गंभीर जखमी झाल्याचे एकही खात्रीलायक उदाहरण त्यांना आढळले नाही. तोवर घरचा खाऊ हद्दपार झाला होता. कारखान्यात वेष्टन घातलेली गोळी तेवढी सुरक्षित, हा समज रूढ झाला आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या शहरांतील गृहनिर्माण संस्थाही आता मुलांच्या कार्यक्रमासाठी ‘केवळ बंद पाकिटातील पदार्थ आणावेत’ अशा सूचना लावू लागल्या आहेत. हेतू वाईट नसतो. जबाबदारी नको, एवढाच असतो. परंतु ज्या मजल्यावर एका घरचे ताट दुसऱ्या घरी जाऊ शकत नाही, तेथे शेजार उरतो तो केवळ पत्त्यापुरता.

अर्थात विश्वास म्हणजे बेपर्वाई नव्हे. खरे धोके आहेत आणि ते अफवांहून अगदी वेगळे आहेत. 2014 च्या अखेरीस अमेरिकेत कॅरॅमल लावलेल्या सफरचंदांतून लिस्टेरिया या जंतूचा प्रादुर्भाव झाला. 12 राज्यांतील 35 जण आजारी पडले आणि त्यांपैकी काही दगावले. काडी टोचल्याने फळाचा रस बाहेर येतो, तो कवचाखाली साठतो आणि फळ उबदार जागी दिवसचे दिवस राहिले की जंतूंना आयते घर मिळते, असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणजे असे फळ करावे त्याच दिवशी संपवावे. दुसरा धोका रंगाचा. फेब्रुवारी 2024 मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडू यांनी ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घातली, ती त्यात आढळलेल्या ऱ्होडामिन-बी या कापड रंगविण्याच्या द्रव्यामुळे. बीटाच्या रसाने तेवढा भडक लाल रंग येत नाही, हे मान्य. पण मुलांना भडकपणाची सवय कोणी लावली, तेही पाहावे. तिसरे, 150 अंशांचा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो. बुडविण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

साखरेच्या प्रमाणाचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. दोन वाट्या, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम साखरेत आठ सफरचंदे होतात. पातेल्याला लागलेला पाक वजा केला तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला 40 ग्रॅमच्या आसपास साखर येते. यावर उपाय लहान फळांचा. चीनमध्ये हिवाळ्यात काडीवर ओवलेली छोटी आंबट फळे याच पाकात बुडवून विकतात आणि दक्षिण कोरियात 2023 मध्ये त्यांचे अक्षरशः वेड पसरले होते. लखनौच्या बाजारात या सुमारास ताजा शिंगाडा असतो, पेरू येऊ लागतो, आवळ्याचा हंगाम तोंडावर असतो. सोललेला शिंगाडा, पेरूची फोड किंवा मुरवून सुकविलेला आवळा यांना पाकाचा पातळ थर पुरे होतो आणि आवळ्याचा तुरटपणा साखरेला जरा धाकातही ठेवतो.

आवळ्याचा उल्लेख सहेतुक आहे. लखनौच्या आग्नेयेस असलेला प्रतापगढ जिल्हा आवळ्यासाठी प्रसिद्ध असून उत्तर प्रदेश शासनाने 2018 मध्ये सुरू केलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत तेथील उत्पादन म्हणून आवळाच निवडला गेला. मुरंबा आणि कँडी हेच त्याचे मुख्य रूप. केंद्राने 2020 मध्ये आणलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान ठेवले गेले. तथापि अनुदानाने यंत्र येते, गिऱ्हाईक येत नाही. साखरेची खेळणी करणाऱ्या कुटुंबांची खरी अडचण अशी, की त्यांची बहुतांश विक्री दिवाळीच्या चार दिवसांत उरकते आणि उरलेले साचे वर्षभर माळ्यावर पडतात. 2024 मध्ये उत्तर प्रदेशात दिवाळी 31 ऑक्टोबरलाच होती. 2025 मध्ये ती त्याआधी अकरा दिवस होऊन गेली. त्या अकरा दिवसांत भोपळ्याच्या आणि घुबडाच्या आकाराचा एखादा नवा साचा कोरून घेतला, तर त्या कारागिराला आणखी एक आठवडा विक्री मिळेल. घुबड तसे लक्ष्मीचे वाहन. पूजेतही कोणी हरकत घेणार नाही.

गृहनिर्माण संस्थांनीही पाकिटांची सक्ती करण्याऐवजी डब्यावर घराचा क्रमांक, पदार्थात काय घातले आहे आणि तो कोणत्या दिवशी केला, एवढे लिहिण्याचा नियम करावा. ज्यांच्या मुलांना शेंगदाणे किंवा दूध चालत नाही त्यांची सोय त्यानेच होते. लखनौत ऑक्टोबरअखेरीस हवा कोरडी होऊ लागते, त्यामुळे सकाळी बुडविलेली फळे सायंकाळपर्यंत चकचकीत राहतात. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत मात्र कवच दुपारीच घामेजून चिकट होते. तेथील मंडळींनी पाक सायंकाळीच करावा आणि मुलांना दोन हात दूर बसवून फळे त्यांच्यासमोर बुडवावीत.