हुर्यो कोणाची?

१ एप्रिल २०२४ रोजी वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पांड्या नाणेफेकीसाठी मैदानात उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. समालोचक संजय मांजरेकर यांना भर मैदानात ‘जरा सभ्यतेने वागा’ असे प्रेक्षकांना बजवावे लागले. पुढे सामना चालू असताना सीमारेषेपाशी क्षेत्ररक्षणाला उभा असलेला रोहित शर्मा हाताने खूण करून लोकांना आवरू लागला. ज्याच्या प्रेमापोटी हा सारा गोंगाट चालला होता, त्यालाच तो नकोसा झाला होता. त्या दिवशी वानखेडेवर समंजस माणूस कोण होता, हे सांगावयास नको.

ही हुर्यो उडवणारी मंडळी कोण होती? वानखेडेला जायचे म्हणजे पश्चिम रेल्वेने चर्चगेटला उतरायचे. बोरिवलीहून निघालेली जलद गाडी जोगेश्वरीला थांबत नाही, धिमी थांबते. आणि मेघवाडी-माजासवाडीच्या वस्त्यांतली पोरे सामन्याच्या दिवशी त्याच धिम्या गाडीत निळे सदरे घालून चढतात. त्यांच्या दृष्टीने रोहित हा पडद्यावरचा नट नव्हता, आपल्याच लाइनीवरचा मुलगा होता. वडिलांची मिळकत तुटपुंजी, म्हणून तो बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. शाळेची फी परवडत नव्हती; प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या खटपटीने ती माफ झाली आणि त्याला मैदान मिळाले. असा मुलगा मुंबईच्या नावाने खेळणाऱ्या संघाला २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवून देतो आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी एका पत्रकाने त्याचे नेतृत्व संपते, हे जोगेश्वरीच्या मुलाला रुचले नाही. त्याचा राग खोटा नव्हता. राग कोणावर काढावयाचा, एवढेच त्याला उमगले नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कर्णधार बदलणे हा अन्याय नव्हे. २०२० नंतरच्या तीन मोसमांत संघाला विजेतेपद मिळाले नव्हते, २०२२ मध्ये तर तो तळाला गेला होता. रोहित छत्तिशीत होता, पांड्या त्याच्याहून साडेसहा वर्षांनी लहान. गुजरात टायटन्सला त्याने पहिल्याच मोसमात विजेते केले होते आणि दुसऱ्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. शिवाय रोहित स्वतः तरी कर्णधार झाला कसा? २०१३ च्या मोसमाच्या मध्यावर रिकी पॉन्टिंग या जगज्जेत्या ऑस्ट्रेलियन कर्णधाराने, आपल्या धावा होत नाहीत हे पाहून स्वतःच स्वतःला संघाबाहेर ठेवले आणि सूत्रे एका पंचविशीतल्या पोराच्या हाती आली. पॉन्टिंग घरी निघून गेला नाही. तो संघाबरोबर राहिला आणि पुढे त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. थोराने उठावे, धाकट्याने बसावे आणि थोराने शेजारी उभे राहावे, याहून चांगला रिवाज शोधून सापडणार नाही. तो रिवाज त्याच संघाच्या इतिहासात होता.

मग २०२३ मध्ये निराळे काय झाले? पांड्या हा मूळचा याच संघात घडलेला खेळाडू, पण तो परत आला तो खरेदीने. गुजरातच्या फ्रँचायझीकडून मुंबईच्या फ्रँचायझीने त्याला रोख व्यवहारात घेतले. त्याचे मानधन पंधरा कोटी रुपये, हे सर्वांना कळले. परंतु त्याला सोडण्यापोटी एका मालकाने दुसऱ्या मालकाला किती रक्कम मोजली, हे जाहीर झाले नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. श्रम करणाऱ्याची मजुरी उघड, आणि त्याच्या श्रमावरच्या हक्काची किंमत मात्र गुप्त! संघाच्या पत्रकात वारसा आणि भविष्याची सज्जता असे गुळगुळीत शब्द होते. फेब्रुवारीत प्रशिक्षक मार्क बाउचर याने हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय असून रोहितवरचा भार हलका करण्याचा हेतू असल्याचे सांगितले. मार्चच्या पत्रकार परिषदेत पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याने उत्तरच दिले नाही. पगारी माणसाने मालकाच्या निर्णयाचे समर्थन तरी किती वेळा करावे!

कोणी म्हणेल, सोळा कोटी घेणाऱ्या माणसाला कामगार म्हणणे ही कामगारांची थट्टा आहे. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो तपासून पाहावा. रोहितच्या घरची चूल बंद पडणार नव्हती, हे खरेच. कापड गिरणीतून फेकल्या गेलेल्या साचेवाल्याशी त्याची बरोबरी कोणी करू नये. प्रश्न रकमेचा नाही, नात्याचा आहे. ज्याला विकता येते, ज्याची जागा दुसऱ्याला देता येते आणि ज्याला त्याबद्दल मत विचारले जाईलच असे नाही, त्याचे मालकाशी नाते मजुरीचेच असते, मग मजुरी कितीही असो.

गिरणगावातून उपनगरांत सरकलेल्या कुटुंबांतील वृद्धांना ‘बदली’ हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा करायचा, ही मुंबईच्या गिरण्यांची जुनी पद्धत. दरवाजावर रोज सकाळी बदल्या तिष्ठत उभ्या असत. कायम माणसाला वाटे, हा माझ्या भाकरीवर टपला आहे. बदलीला वाटे, हा मेला तर माझी जागा होईल. दोघांचे भांडण दरवाजावर चाले आणि ज्याने ती व्यवस्था उभी केली तो कचेरीत निवांत असे. हा द्वेष मोडून काढण्यात संघटनेची किती वर्षे गेली, ते त्या पिढीला ठाऊक आहे. वानखेडेवर त्या रात्री हेच घडले. पांड्या हा बदली होता. हुर्यो त्याची उडाली. ज्यांनी त्याला आणले, त्यांच्या कक्षाकडे एकही मान वळली नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. चौदा सामन्यांत चार विजय, दहा पराभव आणि दहा संघांत दहावा क्रमांक. माणसांची बेरीज करून संघ होत नाही. एकमेकांवरचा विश्वास, न बोलता कळणाऱ्या खुणा, पडत्या काळात कोण कोणाला सावरतो याची सवय, ही पुंजी ताळेबंदात दिसत नाही. म्हणून ती उधळली गेली तरी हिशेबनिसाच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर तीन महिने उलटले नाहीत तोच, २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला अखेरच्या षटकात १६ धावा हव्या असताना कर्णधार रोहितने चेंडू दिला तो पांड्याच्या हाती. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर रोहितने त्या षटकाचे तोंड भरून कौतुक केले आणि त्याच प्रेक्षकांनी पांड्याच्या नावाचा गजर केला. थोरल्या-धाकट्यांत वैर मुळात नव्हतेच. असते तर ते षटक त्याला मिळाले नसते. गमतीचा भाग असा की, त्याच महिन्यात ट्वेन्टी-२० संघाचे नेतृत्व देताना राष्ट्रीय निवड समितीने पांड्याला डावलून सूर्यकुमार यादवला पुढे केले, आणि सूर्यकुमार वयाने पांड्याहून तीन वर्षांनी मोठा! तेव्हा तारुण्याची गरज हे कारण प्रत्येक वेळी खरे मानू नये.

१९७१ मध्ये मुंबईने याहून मोठा बदल पाहिला होता. १९६२ पासून भारताचे कर्णधार असलेले मन्सूर अली खान पतौडी बाजूला झाले आणि अजित वाडेकर आले. निर्णय झाला तो निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. तेव्हाही ‘नवे रक्त’ अशी भाषा झाली. पण पतौडींचा जन्म ५ जानेवारी १९४१ चा आणि वाडेकरांचा १ एप्रिल १९४१ चा. अवघ्या तीन महिन्यांचे नवे रक्त! नवाबाच्या जागी स्टेट बँकेतला नोकरदार आला, त्याच वर्षाअखेर संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले, आणि पुष्कळांना त्यात युगांतर दिसले. युगांतराचे श्रेय मर्चंट यांना देण्याआधी ते स्वतः गिरणीमालक घराण्यातले होते हे विसरू नये. १९४६ च्या दौऱ्यात थोरले पतौडी कर्णधार आणि मर्चंट उपकर्णधार होते, तेव्हापासूनचा हिशेब चुकता झाला असेही बोलले गेले. हेतू काहीही असो, मत कोणाचे ते साऱ्या देशाला माहीत होते. वाडेकर हरले असते तर मर्चंट यांना तोंड लपवायला जागा नव्हती. वाडेकर वेस्ट इंडीजमध्ये जिंकले, २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर जिंकले, आणि पुढे इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पतौडी त्यांच्याच हाताखाली खेळले.

ही कहाणी इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याला फारसा शोभादायक नाही. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, मालिका ३-० ने गेली, आणि ज्या वाडेकरांची मिरवणूक निघाली होती त्यांच्या घरावर दगड पडले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले व त्यांनी खेळ सोडला. कर्णधारपद पुन्हा कोणाकडे गेले? पतौडींकडे. म्हणजे धाकटी पातीही नव्हती आणि योजनाही नव्हती. मालक नसलेली व्यवस्थाही माणसाला निर्दयपणे फेकू शकते, हे ध्यानात घेतल्याशिवाय मालकांवर टीका करण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू प्रत्येक चढाईची सूत्रे हलवतो; संघाचे नशीब त्याच्या हाती. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या लहानशा शहराचा पॅकर्स हा संघ कोणा एका धनिकाचा नाही. त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि त्यांना छदामही लाभांश मिळत नाही. तेथे ब्रेट फार्व्ह हा दैवतासमान क्वार्टरबॅक असताना २००५ मध्ये ॲरन रॉजर्स याला घेतले आणि तीन वर्षे त्याच्या मागे बसवून शिकू दिले. २००८ मध्ये फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, मग मन बदलले. संघाने मात्र रॉजर्सलाच पसंती देऊन त्याला न्यूयॉर्कला धाडले. चाहते दुभंगले, कटुता पराकोटीची झाली. पण शिकून तयार झालेल्या रॉजर्सने २०११ च्या फेब्रुवारीत अजिंक्यपद आणले, आणि २०२३ मध्ये त्याचीही जागा तीन वर्षे मागे बसून शिकलेल्या जॉर्डन लव्हने घेतली. लोकांची मालकी म्हणून दुःख टळले नाही, ही गोष्ट नाकारता येत नाही. वारस मात्र ऐन वेळी बाजारातून आणावा लागला नाही.

भारतीय संघातील २०२५ चा बदल या कसोटीवर पाहावा. रोहितने ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला, ७ मे रोजी कसोटी क्रिकेट सोडले, आणि ४ ऑक्टोबरला एकदिवसीय संघाचे नेतृत्वही त्याच्याकडून शुभमन गिलकडे गेले. गिल दुबईत त्याचा उपकर्णधार होता. हाताखाली शिकलेला होता. इंग्लंडमध्ये कसोटी कर्णधार म्हणून त्याने ७५४ धावा करून मालिका २-२ अशी राखली होती. २०२७ च्या विश्वचषकावेळी रोहित चाळिशी ओलांडलेला असेल, हा हिशेबही चुकीचा नव्हता. निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांना पत्रकारांसमोर बसून कारणे सांगावी लागली. ती सर्वांना पटली नाहीत. रोहितने त्याच महिन्यात सिडनीला नाबाद १२१ धावा काढून आणि मालिकावीर ठरून आपले उत्तरही दिले. तरीही वानखेडेसारखी हुर्यो गिलच्या वाट्याला आली नाही. क्रिकेट मंडळाला लोकशाहीचे प्रशस्तिपत्र देण्याचे मात्र कारण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये एकदिवसीय संघाचे नेतृत्व याच रोहितला देताना विराट कोहलीशी निवड समितीच्या बैठकीपूर्वी केवळ दीड तास संपर्क साधला गेला, असे खुद्द कोहलीनेच सांगितले होते.

फ्रँचायझीबाबत मागणी करण्याजोगे काही आहे. २००८ मध्ये हा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरना घेतला गेला, तेव्हा शहराचे नाव त्या किमतीत आले कोठून? मुंबई हे नाव कोणी विकत दिले? वानखेडे स्टेडियम सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहे. जर्मनीत फुटबॉल क्लबांतील बहुमत सभासदांच्या हाती राहावे असा नियम काही अपवाद वगळता पाळला जातो. एवढे नको, पण शहराचे नाव लावणाऱ्या संघाने खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची रक्कम जाहीर करावी आणि वर्षातून एकदा तिकीटधारकांच्या प्रतिनिधींसमोर उत्तरे द्यावीत, ही अट भाडेपट्ट्यात घालणे सरकारला अशक्य नाही. हुर्यो उडवणाऱ्या तरुणांना हा मार्ग दाखवणे हे कार्यकर्त्यांचे काम होते. त्या मोसमात ते कोणी केल्याचे दिसले नाही.

त्याचे एक कारण असे की, हा विषय निघाला की आपल्याच घरात अडचण होते. पुरोगामी संघटनांत निवृत्तीचे वय नाही. कामगार संघ असो, गृहनिर्माण संस्था असो की वाचनालय, एकदा बसलेला चिटणीस वीस-वीस वर्षे उठत नाही, आणि उठतो तो बहुधा आजारपणामुळे. त्याचा त्याग मोठा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण उपचिटणीस म्हणून एखाद्या विशीतल्या मुलीला शेजारी बसवून हिशेबाच्या वह्या, पालिकेतले टेबल आणि वस्तीतले गट तीन वर्षे समजावून द्यावेत, असे त्याच्या मनात येत नाही. फ्रँचायझीचा मालक निदान वारस विकत तरी आणू शकतो. आपल्याला ती सोय नाही. पाणीपट्टीच्या मोर्चाला जोगेश्वरीतून आजही माणसे जमतात. मोर्चानंतर वॉर्ड कचेरीत निवेदन घेऊन वर जाणारे पाच जण मात्र तेच असतात, आणि जिना चढताना ते आता दोनदा थांबतात.