बाळाची गादी विकताना

कर्जत, नेरळ, चौक आणि खोपोलीच्या बाजारात अलीकडे एक नवा माल दिसतो. हातभर रुंद लांबट गादी, तिच्या कडेने फिरवलेला गुबगुबीत लोड, वर चांदण्या-सशांचे कापड. कोणी त्याला बेबी नेस्ट म्हणते, कोणी लाउंजर. काही माल मुंबईहून येतो, काही रेल्वेच्या याच मार्गावरील उल्हासनगरहून, काही थेट मोबाइलवरच्या ऑर्डरीने. नमुना पाहून तसाच शिवून देणारे कारागीर आपल्यातही आहेत.

हे स्वाभाविक आहे. फोमच्या तयार गाद्यांनी पिंजारी बांधवांचे काम कधीच ओढून नेले. टेलरकडे पूर्वीसारखी शिलाई राहिली नाही. अशा वेळी उरलेल्या कापडातून निघणारा आणि बारशाला हमखास खपणारा जिन्नस कोण सोडील? म्हणूनच आम्हाला स्पष्ट लिहावेसे वाटते की हा माल बाळाला निजवण्यासाठी म्हणून विकू नये आणि शिवूही नये.

कारण साधे आहे. चार महिन्यांच्या आतल्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. मऊ लोडात नाक रुतले तर ते स्वतःहून तोंड फिरवू शकत नाही आणि सोडलेलाच श्वास पुन्हा घेत राहते. डोके उंचावर आणि पाठ खोलगट जागी असेल तर हनुवटी छातीला टेकते व श्वासनळी दबते. यात रडण्याचा आवाज होत नाही. आई स्वयंपाकघरात असते आणि बाळ शांत निजले आहे असेच तिला वाटते.

अमेरिकेत याची नोंद ठेवली गेली आहे. थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेल्या बाळउशांवर तेथे १९९२ मध्येच बंदी आली. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये बॉपी कंपनीने आपले सुमारे ३३ लाख लाउंजर परत मागवले, कारण त्यांवर निजवलेली आठ बाळे दगावली होती. परत मागवल्यानंतरही आणखी दोन बाळे गेल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. जुने लाउंजर तेव्हाही हातोहात विकले जात होते. आपल्याकडे तर बाळाची वस्तू बहिणीकडून भावजयीकडे, तिच्याकडून शेजारणीकडे जातेच. २०१० ते २०२२ या काळात अशा आधाराच्या गाद्या-उशांशी संबंधित ७९ मृत्यू तेथील सरकारी यंत्रणेने मोजले. मे २०२५ पासून तेथे अशा मालाला कडकपणाची आणि उताराची मर्यादा लागू झाली आहे. मोठ्या कंपन्यांना जे जमले नाही ते आपण अंदाजाने शिवून कसे जमेल?

आपल्या देशात खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. गादी हे काही खेळणे नव्हे, त्यामुळे कोणी इन्स्पेक्टर दुकानात येऊन विचारणार नाही. पण मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, ही आपल्याकडची शिस्त इन्स्पेक्टरच्या भीतीने आलेली नाही.

‘आम्ही नाही विकला तर पुढचा दुकानदार विकेल,’ असे आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात. विकू द्या. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: आपल्या आया-आज्यांनी झोळीत आणि राईच्या उशीवरच मुले वाढवली ना? झोळीतही बाळाची पाठ वाकतेच, पण झोळीची दोरी कोणाच्या तरी हातात असे. नेस्ट घेतले जाते ते बाळाला ठेवून दुसऱ्या कामाला लागता यावे म्हणून. नेरळ-कर्जतकडच्या नव्या इमारतींत नवरा पहाटेची लोकल पकडतो आणि घरात बाळंतीण एकटीच असते. राईच्या उशीबद्दल म्हणाल तर डोके गोल करण्यासाठी तिची गरज नाही. बाळ जागे असताना, कोणीतरी जवळ बसून त्याला थोडा वेळ पालथे ठेवले तरी डोक्याचा चपटेपणा कमी होतो.

मग कारागिराने काय शिवावे? सपाट आणि घट्ट गादी. कापूस नीट पिंजून, ठासून भरावा आणि जवळजवळ टाके घालावेत. तळवा दाबून उचलल्यावर खड्डा राहता कामा नये. कडेला लोड, झालर, नाडी, लोंबते गोंडे काही नको. खोळ ताणून बसेल अशी शिवावी, दोन खोळी सोबत द्याव्यात. मच्छरदाणी आपल्या भागात हवीच, पण ती गादीला शिवलेली नसावी. बाळाच्या तोंडापासून दूर राहील अशी, वरून ताणून बांधायची असावी. आपल्याकडे बहुतेक घरांत जमिनीवरच अंथरूण असते. आईच्या अंथरुणाशेजारी अशी वेगळी गादी, त्यावर उताणे निजलेले बाळ आणि जवळ ना उशी ना जाड गोधडी, एवढेच पुरते. अमेरिकेत १९९४ पासून बाळाला उताणे निजवण्याचा प्रचार झाला आणि झोपेतील अचानक मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्यासाठी कोणाला काही विकत घ्यावे लागले नाही. खालापूर-खोपोलीच्या पावसात जमिनीला ओल येते, म्हणून गादीखाली चटई घालावी आणि ऊन पडेल तेव्हा गादी उन्हात टाकावी, हेही सांगून ठेवावे.

ज्यांच्याकडे नेस्टचा माल आधीच भरलेला आहे त्यांनी तो ‘निजवण्यासाठी नाही, बाळ जागे असताना, जमिनीवर, नजरेसमोर’ असे मराठीत लिहिलेली चिठ्ठी लावून आणि तोंडाने सांगूनच द्यावा. खाटेवर वा टेबलावर ठेवू नये, हेही सांगावे. आमचे मत विचाराल तर तोही देऊ नये. लोड उसवावा, आतला कापूस वा फायबर मोठ्यांच्या उशांत भरावा आणि चांदण्यांच्या कापडाची दुपटी शिवून बाळंतविड्यात खपवावीत.