आता ऑपरेशन बाप्याचं!

गावकऱ्यांनो, त्यातही बाप्यांनो,

दुसरं लेकरू झालं की घरोघरी ठरलेलं असतं : ‘आता हिचं ऑपरेशन उरकून टाकू.’ हिचंच का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली निघाली. नवऱ्याने करून घेतली अशा फक्त ०.३ टक्के. सव्वाशे बायकांमागे एक बाप्या!

बाईचं ऑपरेशन म्हणजे पोटावर छेद, नाहीतर पोटात दुर्बीण. छत्तीसगडात बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ बायका ‘उरकल्या’. त्या आठवड्यात तिथे डझनभराहून जास्त जणी दगावल्या. पुरुषाचं काय करतात? अंडकोशाची कातडी इंजेक्शनने बधिर करतात, बारीक छिद्र पाडतात, त्यातून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बाहेर घेऊन कापतात, बांधतात. टाका नाही. अर्ध्या तासाच्या आत काम होतं, माणूस त्याच दिवशी घरी.

‘माझ्या लेकाला उसाच्या मोळ्या उचलायच्यात,’ म्हणते सासू. अहो, सून काय पाटावर बसून असते? आठवडाभर जड काम टाळलं की लेक पुन्हा मोळ्या उचलेल. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, कापलेल्या नळीतून नाही. वीर्यही येतंच, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात.

खात्रीचं म्हणाल, तर हजारात एखाद-दुसऱ्या जोडप्यालाच नंतर दिवस जातात. बायकांच्या ऑपरेशनात हे प्रमाण याहून जास्त आहे. पण ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळीक नाही. नळीत पुढे उरलेले शुक्रजंतू निघून जायला तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी बरेच जण करत नाहीत, कित्येकदा कुणी सांगतही नाही, आणि बायकोला दिवस गेले की संशय तिच्यावर! तपासणीचा कागद हातात नसताना बायकोच्या चारित्र्यावर बोलणाऱ्याने आधी आरशात पाहावं.

आणीबाणीची धास्ती खरी आहे. १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली, कितीतरी जणांना धरून नेलं. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं, नशीब की त्याचा कायदा झाला नाही. सक्ती आम्हालाही नको, बाप्यावर नको आणि बाईवरही नको. सासूने, नवऱ्याने, नर्सबाईने मिळून बाळंतिणीला टेबलावर चढवायचं, ती सक्ती नाही तर काय?

आणखी मूल हवं असं मनात कुठेही असेल, तर मात्र हे ऑपरेशन करू नका. नळी पुन्हा जोडतात, पण मूल होईलच असा भरवसा कुणी देत नाही.

बाकीच्यांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन बिनटाका नसबंदीची तारीख मागा. ‘डॉक्टर नाहीत, बायकोलाच आणा,’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागून घ्या.