नारळ पडला की सीझन सुरू!

ऑफिसमध्ये ‘मी कामोठ्याला राहते’ असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. पाणी येतं का? सेक्टर कितवा? मानसरोवर जवळ पडतं की खांदेश्वर? ‘तुमच्याकडे सेलिंग क्लब कुठला?’ असं मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारा ना, बॉस! माझ्याकडे उत्तर तयार आहे. क्लब आहे. फक्त त्याच्या दारावर पाटी नाही आणि मेंबरशिपचा फॉर्म मिळत नाही.

थांबा, हसू नका. आधी जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कामोठ्याच्या एका अंगाला सायन-पनवेल हायवे, दुसऱ्या अंगाला हार्बर लाइन आणि तिच्यापलीकडे खारफुटी आणि पनवेलची खाडी. हायवेला आपण रोज शिव्या घालतो, लोकलला रोज लटकतो. खाडीशी आपला संबंध येतो तो दोनदाच. ओहोटीला वास आला की आणि संध्याकाळी डास आले की. बिल्डरने ‘क्रीक व्ह्यू’ म्हणून चार पैसे जास्त घेतलेले असतात, तेवढंच आपलं दर्यावर्दीपण!

सेलिंग क्लब म्हटलं की आपल्याला आठवतं ते थेट गेटवे. तिथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. त्याच्या जुन्या क्लबहाऊसमध्ये आता अणुऊर्जा खात्याचं ऑफिस आहे आणि क्लब जवळच्याच दुसऱ्या देखण्या इमारतीत नांदतोय. मुंबईच्या या पाण्याने नावही बरंच कमावलंय. १९८२ चं एशियाड दिल्लीत झालं, पण यॉटिंगच्या शर्यती दिल्लीत कशा होणार? त्या मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर-झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात गोल्ड मारलं. नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहूनच निघाले आणि मे २०१० मध्ये जगाला वळसा घालून इथेच परतले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. एकदम सही!

एका ओळखीतून मी मुंबईतल्या अशाच एका क्लबच्या सीझन ओपनिंगला गेले होते. क्लबचं नाव राहू दे. पांढरे शर्ट, रंगीत पताका, छोटी भाषणं आणि भरपूर केक. एक सत्तरीचे काका प्लेट हातात घेऊन मला म्हणाले, ‘पार्टीला सगळे येतात. सप्टेंबरात सँडपेपर घासायला चार जण येतात. क्लब त्या चार जणांवर चालतो.’ मी हसले आणि केक खाल्ला. पण वाक्य डोक्यात राहिलं, कारण असले चार जण मी आधीच पाहिले होते. मानसरोवर स्टेशनपासून बाइकने पंधरा-वीस मिनिटांवर.

माझ्या टीममध्ये एक मुलगा आहे. दिवसभर आमच्या कोडमधले बग शोधतो. त्याची रजा दरवर्षी ठरलेली, जुलैचा शेवटचा आठवडा. आम्हाला वाटायचं, पावसात माळशेजला जात असेल. तर हा पठ्ठ्या घरी जातो आणि वडिलांची होडी दुरुस्त करतो. घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात, वडील नाखवा, आई मार्केटात मासे विकणारी. गेली काही वर्षं त्या आठवड्यातला रविवार मीही तिथेच असते.

क्लबवाल्यांचं आणि कोळीवाड्याचं कॅलेंडर एकच, हे मला तिथे कळलं. दोन्हीकडे बॉस एकच, नैर्ऋत्य मोसमी वारा! जूनमध्ये तो आला की दर्या खवळतो. गेटवे-मांडवा लाँच बंद, यॉट किनाऱ्यावर, होड्या काठावर. यांत्रिक बोटींसाठी सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. हा माशांच्या विणीचाही काळ. शर्यतीच्या बोटी ऑक्टोबरपर्यंत दम धरतात, कोळ्यांना तेवढी चैन परवडत नाही. त्यांचा सीझन ऑगस्टलाच सुरू होतो. म्हणून तयारी पावसातच, चिखलातच.

तयारी म्हणजे काय, ते ऐका. दोन महिने ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या होडीवरची ताडपत्री निघते. मग तळाला चिकटलेल्या शिंपल्या आणि कालवं पत्र्याच्या पट्टीने खरवडायची. माझ्याकडे हेच काम असतं आणि जिमचे सगळे पैसे एका रविवारात वसूल होतात. लाकडी होडी असेल तर फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ भरायची, लाकडाला तेल पाजायचं. फायबरची असेल तर तडा गेलेल्या जागी कापड आणि रेझिन. इंजिन उघडून साफ करायचं. जाळी उन्हाची वाट बघत ओटीवर पसरलेली असतात आणि नाखवा सुईने एकेक भोक सांधत बसतात. सगळ्यात शेवटी रंग. नाळेवरचं होडीचं नाव ताज्या रंगात लिहिलं जातं तेव्हा गल्लीतली सगळी पोरं येऊन उभी राहतात.

एका होडीचं काम एका घराचं नसतं. होडी ढकलायची तर पंधरा माणसं लागतात. आज त्यांच्याकडे, उद्या आपल्याकडे. कोण आलं आणि कोण नाही आलं, याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. क्लबची मेंबरशिप यापेक्षा वेगळी काय असते?

आणि सोशल इव्हेंट्स? विचारूच नका! देवळात मीटिंग. अजेंडा एकच, नारळी पुनव. वर्गणी किती? बँजो की डीजे? पोरांना डीजे पाहिजे, म्हाताऱ्यांना ब्रास बँड. दोन तास वाद आणि शेवटी दोन्ही! बायकांची मीटिंग वेगळी. सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या, तर रंग कुठला? हा प्रश्न आमच्या कंपनीच्या बजेटपेक्षा जास्त वेळ चालतो. घराघरांत ओल्या नारळाच्या करंज्या, नारळीभात. पावसाळाभर सुकट-बोंबलावर काढलेल्या मंडळींना आता ताज्या म्हावऱ्याचे वेध लागलेले असतात.

पुनवेच्या दिवशी सोनेरी कागदात मढवलेला नारळ पालखीसारखा मिरवत निघतो. पुढे बँड, मागे दागिन्यांनी लखलखणाऱ्या बायका. नारळावर नारळ आपटून फोडायची स्पर्धा रंगते, ज्याचा शाबूत तो जिंकला. मग होडीची पूजा आणि नारळ पाण्यात. दर्याला सांगायचं, बाबा, आता शांत हो, आमची माणसं येतायत.

नारळ नेमका कधी सोडायचा? भरतीला. आणि भरती कधी? इथे नाखव्यांनी मला जो फंडा शिकवला तो कुठल्याही ॲपपेक्षा भारी आहे. तिथीला पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराच्या आसपास, खाडीत आत थोडी उशिरा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचं हे गणित. २०२५ सालची नारळी पौर्णिमा होती. मी फोनवर वेळ चेक केली. नाखव्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी फोन पर्समध्ये टाकला!

शीड आता त्यांच्या होडीवर नाही. इंजिन आलं तशी डोलकाठी घरामागे छपराखाली गेली. पण वारा त्यांना अजून पाठ आहे. सकाळी जमिनीवरून दर्याकडे जाणारा मतलई, दुपारी दर्यावरून येणारा खारा. मतलईवर बाहेर पडायचं, खाऱ्यावर घरी यायचं. मुंबईच्या क्लबांच्या शर्यती दुपारी रंगतात त्या याच खाऱ्या वाऱ्यावर. शाळेच्या भूगोलात पाच मार्कांसाठी घोकलेली ही नावं कुणी तरी रोजच्या कामासाठी वापरतं, हे बघून मला फार गंमत वाटली.

इथवर सगळं सेलिब्रेशन. पण २०२५ च्या त्या रविवारी कामाला नेहमीचा जोर नव्हता. ताडपत्री निघाली होती, पण रंगाचे डबे आणलेले नव्हते. घरात वेगळीच चर्चा चालली होती. होडी ठेवायची की विकायची?

नाखव्यांची साठी उलटलीय. गुडघे दुखतात. इंजिनचं काम मोठं निघालं होतं आणि खाडीत मासळी पूर्वीसारखी लागत नाही. मुलाचा पगार बरा आहे, पण तो पगार ठाण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी लागणार होता. ‘विकूया’ असं कुणीच स्पष्ट बोलत नव्हतं. ‘बघू’ एवढंच.

हा प्रश्न त्या एका घराचा नाही. आपण ज्याला नवी मुंबई म्हणतो ती या खाड्यांच्या काठाने, खाजणं भरून उभी राहिली. सिडको १९७० ची, न्हावा-शेवाचं बंदर १९८९ चं. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतायत. मीही त्या सेतूवरून जाते आणि उद्या त्या विमानानेही जाईन. तक्रार कसली करायची? पण या बिलातला काही भाग दुसऱ्यांनी भरलाय, हे माहीत असलेलं बरं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-गव्हाण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. बंदराच्या कामांमुळे त्यांच्या मासेमारीवर झालेल्या परिणामाची ती किंमत. पैशांची किंमत काढता येते. पंधरा माणसांनी मिळून होडी ढकलायची सवय मोडली तर तिची किंमत कोण आणि कशी काढणार?

शेवटी निकाल दिला काकूंनी. कोळीवाड्यात पैशांचा हिशेब बायकांच्या हातात असतो, हे लक्षात ठेवा. त्या मार्केटातून आल्या, टोपली उतरवली, पाणी प्यायल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘होरी इकली तं पुनवेला पूजा कोनाची करायची? फ्लॅटची?’

सगळे गप्प. मग मित्र हसला, नाखवाही हसले. तासाभरात हिशेब मांडला गेला. होडी शेजारचा पुतण्या आणि मित्राचा मेहुणा वाट्याने चालवणार. इंजिनचा अर्धा खर्च त्यांचा, अर्धा घरचा. नाखवा काठावर बसून जाळी बघणार आणि आवाज देणार. मित्र रविवारी भरती असेल तेव्हा जाणार. एक सीझन बघायचं. पुढचं पुढच्या पावसात. नाखवा मला म्हणाले, ‘पोरी, होरी काठाव ऱ्हायली का मरते. पान्यान गेली तं जगते.’ आणि रंगाचे डबे आणायला माणूस धावला.

हा काही सिनेमाचा एंड नाही. एक सीझन म्हणजे एकच सीझन. पण मला त्या दिवशी कळलं की क्लब बंद पडतो तो पाणी आटल्यामुळे नाही. तो बंद पडतो पट्टी हातात घेणारे चार जण कमी झाले की. आणि कामोठ्यात, खारघरमध्ये, उलव्यात आपण हजारो जण आहोत, ज्यांना वीकेंडला मॉलशिवाय जायला जागा सापडत नाही. खाडी आपलीही शेजारीण आहे. शेजाऱ्याच्या घरी कार्य असलं की आपण केकच्या वेळी जातो का? निदान मांडव घालायला तरी हात लावतो ना!

तर मंडळी, जाणार असाल तर या चार गोष्टी...

• २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे नारळी पौर्णिमा उशिरा, ऑगस्टच्या शेवटी येते.

• कोळीवाडा हे टुरिस्ट स्पॉट नाही, ते लोकांचं घर आहे. ओळखीने जा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

• होडीत चढताना चप्पल खाली काढा. पांढरे शूज घरीच ठेवा, चिखल कुणाचीच ओळख ठेवत नाही.

• अस्सल शिडाची मजा हवी असेल तर मुरूडजवळच्या राजपुरीला जा. जंजिरा किल्ल्यापर्यंत शिडाच्या होड्या प्रवासी नेतात. पावसाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा सीझन सुरू झाल्याची खात्री करूनच निघा. आणि होडी मधेच वळली की घाबरू नका, तिकडे वाऱ्याचा मूड बघूनच रस्ता ठरतो.