टाकीत आहे, म्हणून वाचला?

ठाण्यातल्या माझ्या दुकानात झेब्रा प्लेको बघायला येणारे बरेच, घेणारे क्वचित. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोटाएवढा मासा. दिवसभर कपारीत पोट चिकटवून बसतो, आणि किंमत ऐकली की गिऱ्हाईक मुकाट्याने गप्पीकडे वळतं. माझ्याकडचे नग इंडोनेशियात पैदास झालेले, रीतसर कागदपत्रांचे. ते बघून लोक म्हणतात, 'टाकीत पिल्लं होतायत ना, मग हा मासा वाचलाच की!' मासे विकून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, हे साफ चूक आहे.

हा मासा जगात एकाच ठिकाणचा. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनला मिळणारी शिंगू नदी अल्तामिरा गावाजवळ मोठं वळण घेते. त्या वळणाचं नाव व्होल्टा ग्रांदे. स्वच्छ पाणी, खडक, धबाबा वाहणारा प्रवाह. ॲमेझॉनच्या खोऱ्यात माशांच्या दोन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, त्या अशाच जागांमुळे. एका खळाळाच्या कपारीतला मासा पुढच्या नदीत सापडेलच असं नाही. आमच्या धंद्यात तर शास्त्रज्ञांनी बारसं करायच्या आधीच मासे बाजारात येत. शेवटी एका जर्मन मासिकाने १९८८ पासून त्यांना नंबर द्यायला सुरुवात केली. झेब्रा हा एल-४६. शास्त्रीय नाव मिळालं १९९१ साली.

त्याच वळणाच्या तोंडाशी बेलो मोंचे धरण उभं राहिलं. क्षमता ११,२३३ मेगावॅट. २०१६ पासून वीज सुरू झाली आणि वळणातलं पाणी, कधी कधी ८० टक्क्यांपर्यंत, कालव्याने टर्बाइनकडे जाऊ लागलं. नदी आटली नाही, पण तिचा पूर गेला. आणि तिथला सगळा संसार पुरावर चालतो. पावसाळ्यात काठचं जंगल पाण्याखाली जातं, झाडांची फळं थेट पाण्यात पडतात, पाकू मासे ती खाऊन पुष्ट होतात, बुडालेल्या झाडीत अंडी घालतात. आता फळं कोरड्या जमिनीवर पडून सडतात. तिथले जुरुना आदिवासी २०१६ ला जगबुडीचं वर्ष म्हणतात. कोणता मासा कुठे मिळाला, किती मिळाला, याची नोंद ते स्वतः ठेवतात.

गंमत बघा. झेब्रा नदीतून पकडून विकायला बंदी आहे. २०२२ साली वन्यजीव व्यापारावरच्या पनामातल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. ठीकच झालं, चोरटी पकड होतीच. पण मच्छीमाराच्या हातातली जाळी काढून घेणाऱ्या ब्राझीलच्या पर्यावरण यंत्रणेनेच धरणालाही परवाना दिला. जाळी थांबली तर माशाची वीण सावरायला वाव राहतो. पूरच थांबला तर सावरायचं कशाच्या बळावर?

टाकीत मी पीएच सांभाळतो, पंप लावून प्रवाह करतो, बदामाची वाळकी पानं टाकून रियो नेग्रो नदीसारखं चहाच्या रंगाचं पाणीही करतो. पण पूर मला आणता येत नाही, आणि दोन हजार जातींसाठी टाक्या कोण लावणार? शिवाय टाकीतला मासा घराबाहेर पडला की काय होतं ते आपण बघतोच आहोत. झेब्राचाच भाऊबंद असलेला सकर मासा, जो काच साफ करायला लोक हौसेने नेतात, तो हातभर वाढला की तळ्यात सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो तेव्हा त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं आणि पदरात काही पडत नाही.

वळणात पाणी किती सोडायचं यावर ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे. धरणवाल्यांचा आराखडा पुराच्या ऐन महिन्यात एका वर्षी सेकंदाला ४,००० आणि पुढच्या वर्षी ८,००० घनमीटरचा. नैसर्गिक पूर त्याहून कितीतरी मोठा असे. जुरुना आणि त्यांच्यासोबत काम करणारे संशोधक वेगळं वेळापत्रक मागतात: मासे अंडी घालायला निघतात तेव्हा पाणी हवं, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते टिकायला हवं. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. थोडी वीज कमी होईल, होऊ द्या. कागदावर ११,२३३ मेगावॅटचं हे धरण वर्षाच्या सरासरीत साडेचार हजारांच्या आसपासच धरलेलं आहे.