बर्बनवाल्या पोराला बोलू द्या

परवा मार्केट यार्डाच्या बाहेर चहा घेत होतो. तिघं आले, हातात निवेदनाची प्रत. "पत्रकारसाहेब, उद्या बातमी लागली पाहिजे बघा. फोटो पाठवतो." निवेदन कशाचं? आपल्या गावचा एक पोरगा मोबाईलवर दारूबद्दल बोलतो, तरुणाई बिघडवतो, सबब त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा. खाली सतरा सह्या.

पोराचं नाव इथं लिहीत नाही. सह्या करणाऱ्यांचीही लिहीत नाही, त्यातले चारजण माझे रोजचे चहावाले आहेत.

घरी येऊन त्याचे आठ-दहा व्हिडिओ पाहिले. सह्यांपैकी किती जणांनी पाहिले असतील, देव जाणे. एकात तो बर्बन म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतली व्हिस्की, तिच्या धान्यात किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. मग एक घोट घेतो आणि म्हणतो, जळक्या गुळासारखी लागते, पण एवढ्या पैशाची नाही, मित्रानं आणली म्हणून प्यायलो. दुसऱ्यात एका मराठी सिनेमाची पार सालटी काढतो. मधेच 'फँड्री'बद्दल बोलायला लागतो आणि थांबतच नाही. जेऊरचा माणूस, आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून ऊर भरून येतो त्याचा. मला तो व्हिडिओ आवडला. तिसऱ्यात आम्हा पत्रकारांवर घसरतो. म्हणे, गावाकडचं पोर्टल म्हणजे माईक लावलेलं पाकीट.

हे झोंबलं. त्यावर नंतर येतो.

आधी कायद्याचं बोलू, कारण निवेदनात 'कायदेशीर कारवाई' तीन वेळा आलंय. आपल्या राज्यात दारूबंदी कायदा आहे तो 1949 चा, तेव्हाच्या मुंबई प्रांताचा. त्यात दारू पिणं-बाळगणं तर सोडाच, दारूची वाखाणणी करणं हाही गुन्हा होता. एफ. एन. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ कोर्टात गेले. माझ्याकडची व्हिस्की, ब्रँडी, बियर, एवढंच नव्हे तर ओ-दि-कोलोन वापरायचा मला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. सुप्रीम कोर्टानं 1951 मध्ये निकाल दिला. दारूबंदी बहुतेक सगळी कायम ठेवली, पण वाखाणणीवरची बंदी काढून टाकली, ती भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून. म्हणजे दारू वाईट आहे असं म्हणायचा मला जेवढा हक्क, तेवढाच ती गुळासारखी लागते असं म्हणायचा त्या पोराला. तो पंचवीसच्या वर आहे का, परवाना आहे का, हे जरूर विचारा. तो प्रश्न पिण्याचा आहे, बोलण्याचा नाही.

जाहिरात मात्र वेगळी. दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून तर कंपन्या सोडा विकतात, गाण्याच्या सीडी विकतात, नाव तेच ठेवून. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं या आडून केलेल्या जाहिरातींनाही मनाई केली. पुढं जानेवारी 2023 मध्ये मोबाईलवर शिफारशी करणाऱ्यांसाठी नियम आले: पैसे, फुकट वस्तू, प्रवास, काहीही घेतलं असेल तर ठळक सांगा, आणि ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत सांगा. दिशाभूल केली तर पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड.

आता मला सांगा, हा नियम या पोराला लागू करायचा, की आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या माईकवाल्यांना? पोरगा सांगतो की बाटली मित्राची होती. आपला माईकवाला सांगतो का, की 'विकासपुरुष' म्हणून जी अर्ध्या तासाची मुलाखत चालवली तिचे किती घेतले? सतरापैकी निम्म्या लोकांनी गेल्याच आठवड्यात अशी एक मुलाखत ग्रुपवर फिरवली होती. तेव्हा तरुणाई बिघडली नाही वाटतं.

सिनेमाचंही तेच. 2023 मध्ये केरळात सिनेमाला वाईट म्हणणाऱ्यांवर पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले. तिथल्या हायकोर्टानं नेमलेल्या न्यायमित्रानं पुढच्या वर्षी शिफारस केली, की सिनेमा लागल्यावर पहिले 48 तास कुणी परीक्षण करू नये. बरं, पैसे घेऊन 'सुपरडुपर' म्हणणाऱ्यांनी 48 तास थांबायचं का? त्यांना तर रिलीजच्या आदल्या रात्रीपासूनच घाई असते. तिकीट काढून शिव्या घालणाऱ्याला मात्र तोंड बंद ठेव म्हणायचं.

"पण दारू ती दारूच की हो अण्णा," असं त्यातला एकजण म्हणाला. खरंय. दारूनं गेलेली घरं मी पाहिलीत, बातम्या केल्यात. पण ती घरं बर्बननं गेलेली नाहीत. आपल्याकडं हातभट्टी आहे, आणि दोन-चार कोसांवर हद्द ओलांडली की कर्नाटकात नव्वद मिलीचे कागदी डबे आहेत. जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याला लावायचं काम. त्याचं पुढं काय झालं, किती जण टिकले, किती परत भट्टीवर गेले, यावर निवेदन द्या. मी पहिल्या पानासाठी भांडतो.

आणि सरकार काय करतंय बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रानं बर्बनवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 वर आणलं. जूनमध्ये राज्यानं विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार काढला. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80, महाराष्ट्र मेडला 148, विदेशीला 205 रुपये. साहेबांच्या बाटलीला सूट आणि गड्याच्या बाटलीला वाढ, असा हा हिशोब. आपल्या यार्डात तूर, उडीद, मका आणणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको का, की धान्याच्या दारूचं धोरण आलंय, त्यात तुझं काय? आमच्यापैकी कुणी विचारलं? मीही नाही विचारलं. त्या आठवड्यात मी वाढदिवसाच्या पुरवणीत होतो.

तर आता पाकिटाचं. पोरगा खोटं बोलला नाही. तालुक्याच्या बातमीदाराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. सकाळी ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, संध्याकाळी त्याच्याकडंच जाहिरात मागायची. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात वेगवेगळ्या दैनिकांत एकाच नेत्यावर शब्दशः सारखे लेख छापून आले, देशभर चर्चा झाली. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी पेड न्यूजवर 71 पानी अहवाल लिहिला. कौन्सिलनं 2010 मध्ये तो पूर्ण छापलाच नाही. माहिती आयोगानं आदेश दिल्यावर 2011 मध्ये तो बाहेर आला. पेपरवाल्यांची नावं होती ना त्यात. त्या निवडणुकीत मीही एका दैनिकात होतो. एका उमेदवाराच्या प्रचारफेरीची बातमी मी न जाता लिहिली. मजकूर त्याच्याच माणसानं दिला होता, आणि खाली माझं नाव होतं. डिप्लोमाच्या वर्गात शिकवलेलं सगळं त्या दिवशी आठवत होतं, तरी लिहिली. आईच्या ऑपरेशनचे पैसे भरायचे होते, हे कारण खरं आहे, पण वाचणाऱ्याला ते कुठं माहीत होतं?

म्हणून निवेदनाची बातमी मी देणार नाही. तिघांनाही तसं कळवलं. एकजण म्हणाला, मग दुसऱ्या पोर्टलला देतो, तो दोन हजारात लावतो. लावू दे. त्यानं निदान खाली 'जाहिरात' असं लिहावं, मराठीत.

माझंही सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणी स्क्रीनशॉट काढायला नको. या पोस्टचे कुणी पैसे दिलेले नाहीत. माझ्या पेजवर दोन जाहिराती चालू आहेत, एक बी-बियाण्यांच्या दुकानाची, एक कापड दुकानाची. आणि गेल्या दिवाळी पुरवणीत 'हॉटेल अँड फॅमिली गार्डन'च्या शुभेच्छांची जी पाव पानाची जाहिरात होती, ती मीच आणली होती. ते परमिट रूम आहे, हे साऱ्या दुधनीला माहीत आहे. पंधरा टक्के कमिशन मिळालं.